वाऱ्यामागे गेलेला अल्बाट्रॉस

तापमान वाढलं की पक्षी थंडाव्याकडे सरकतात, हे आपण ऐकलेलं असतं. मला आज वाऱ्याबद्दल बोलायचंय.

आपल्याच हिंदी महासागरात, पण पार दक्षिणेला, क्रोझे बेटं आहेत. तिथल्या भटक्या अल्बाट्रॉसचे पंख पसरले की तीन मीटरच्या आसपास भरतात. पण तो ते फारसे हलवतच नाही! वारा त्याला वाहून नेतो. वारा पडला की बिचारा पाण्यावर बसून राहतो.

गेल्या काही दशकांत तिथले पश्चिमी वारे जोरदार झाले, ध्रुवाकडे सरकले. यात तापमानवाढीचा हात आहे, ओझोनच्या छिद्राचाही. पक्षी वाऱ्यामागे गेले. फ्रेंच संशोधक आंरी वायमेर्सकिर्श आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये दाखवलं, की अन्नाच्या फेऱ्या लवकर आटपू लागल्या, वजन किलोभर वाढलं, वीणही सुधारली.

म्हणजे फायदाच की! सध्या, हो. पण वारे आणखी दक्षिणेला गेले, तरी बेट जागचं हलणार नाही. आणि तिथे जोडीदार उपाशीपोटी अंड्यावर बसलेला असतो. अंडं एकच, वीण यशस्वी झाली, तर पुढचं दोन वर्षांनी.