गोंदियावरून जाणारी गाडी

नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी आपल्या गोंदियावरूनच जाते. 1893 साली याच मार्गावरच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांना बायबल वाचायला दिलं. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले. त्यामुळे त्यांचा संसार मोडल्यात जमा होता. पण काही वर्षांनी दुरावलेल्या पत्नी लक्ष्मीबाई परत आल्या आणि त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

9 मे 1919 रोजी टिळक गेले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहून त्यांना जागतं ठेवलं. त्यात नुसती थोरवी नाही: टिळकांचा तापटपणा आहे, घरचे पैसे दुसऱ्याची नड पाहून देऊन टाकणं आहे. गेलेल्या माणसाची इतकी खरी, मायेची आठवण मराठीत विरळाच. पहिला भाग 1934 साली आला. अजूनही पुस्तक छापलं जातं. मिळवून जरूर वाचा.