बायोडाटा, रेझ्युमे की सीव्ही? नोकरीला नक्की काय पाठवायचं

आजचा विषय वरवर किरकोळ वाटेल. पण पदवीचे निकाल लागले की लातूरमध्ये घरोघरी हा प्रश्न निघतो. कंपनी म्हणते रेझ्युमे पाठवा, कॉलेजच्या जाहिरातीत सीव्ही लिहिलेलं असतं आणि घरचे म्हणतात, 'अरे, बायोडाटा टाकून दे की!' मग पोरगं झेरॉक्सच्या दुकानात जातं, तिथल्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणाची तरी फाईल उघडतात, नाव बदलतात, प्रिंट काढतात. झालं काम! पण काम होत नाही, कारण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

बायोडाटापासून सुरू करू. आपल्याकडं हा शब्द रुळलाय तो लग्नाच्या कागदामुळं. उंची, रास, गोत्र, मामाचं कूळ, शेती किती. बायोडाटा सांगतो तुम्ही कुणाचे. त्यातलेच रकाने मग नोकरीच्या कागदात उतरतात: वडिलांचं नाव, धर्म, जात, विवाहित की अविवाहित. खाजगी नोकरीच्या अर्जात यातलं काहीच लागत नाही. सरकारी भरतीत प्रवर्ग लागतो, पण तिथं ठरलेला फॉर्मच तो विचारतो. मुलींनी तर हे नीट ऐका. 'विवाहित' किंवा 'अविवाहित' लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात नको ते हिशेब सुरू होऊ शकतात. ही टिकेल का, सुट्ट्या किती घेईल! तुमचं काम बघायच्या आधीच. आपण होऊन ते हिशेब त्यांच्या हातात कशाला द्यायचे?

आता रेझ्युमे. शब्द फ्रेंच आहे, अर्थ सारांश. नवीन पदवीधराला एक पान, अनुभव असेल तर दोन. रेझ्युमे एका प्रश्नाचं उत्तर देतो: हे काम तुम्हाला जमेल का? म्हणून तो कामाप्रमाणं बदलतो. याचं जुनं उदाहरण म्हणून लिओनार्दो दा विंचीचं नाव नेहमी घेतात. 1482 च्या सुमारास त्यानं मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडं काम मागण्यासाठी पत्राचा मसुदा केला. त्यात आधी काय आहे? हलके पूल, तोफा, वेढा घालायची साधनं. चित्रकला पार शेवटी! कारण समोरच्याची गरज त्या वेळी लढाईची होती.

आता हे लातूरला आणू. समजा बी.कॉम. झालेला एक मुलगा आहे. त्याला एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये अकाउंट्सच्या जागेसाठी अर्ज करायचाय. त्याच्या कागदावर वर काय असतं? दहावीचे टक्के, बारावीचे टक्के. लातूर पॅटर्ननं आपल्याला मार्कांची सवय लावलीय, त्यामुळं मार्कांचा तक्ता आधी. पण हाच मुलगा दोन वर्षं सोयाबीनच्या हंगामात घरच्या आडत दुकानावर बसलेला असतो. हिशेबपट्ट्या लिहिल्यात, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याचे पैसे काढलेत, टॅलीत नोंदी केल्यात. कागदावर यातलं एक अक्षर नाही! का, तर 'ते काय, घरचंच काम'. अहो, डाळमिलला नेमका हाच माणूस पाहिजे. ती ओळ सगळ्यात वर लिहा, अशी: 'आडत दुकानात दोन सोयाबीन हंगाम हिशेबपट्ट्या व टॅलीतील नोंदी सांभाळल्या.' आणि ते 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' काढून टाका. ते सगळेच लिहितात.

एक लक्षात ठेवा. रेझ्युमेत गाळणं म्हणजे लपवणं नाही, आणि निवडणं म्हणजे वाढवून सांगणं नाही. टॅली येत नसेल तर लिहू नका. मुलाखतीत दोन मिनिटांत उघडं पडतं.

तिसरा सीव्ही, म्हणजे करिक्युलम व्हिटे. शब्द लॅटिन, अर्थ आयुष्याची वाटचाल. प्राध्यापकी आणि संशोधनात हा लागतो. इथं सारांश चालत नाही, सगळं पाहिजे. पदव्या, नेट किंवा सेट, पीएच.डी.चा विषय, शोधनिबंध, परिषदा, शिकवलेले विषय, सगळं वर्षांसकट. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या परिसरात कितीतरी जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताहेत. त्यांनी हे मनावर घ्यावं. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी यादी करताना अध्यापनाच्या अनुभवाला दर वर्षाला 2 गुण आहेत, जास्तीत जास्त 10. मोजायचं कसं हे समिती बघेल, पण जे वर्ष कागदावरच नाही ते मोजणार कोण? म्हणून दरवर्षी नेमणुकीचं पत्र आणि अनुभवाचा दाखला हातात घ्या आणि त्याच दिवशी सीव्हीत ओळ घाला. कॉलेज बदलल्यावर जुने दाखले मिळवताना चपला झिजतात.

आता घोळ कुठं होतो? अमेरिकेत हे दोन्ही कागद वेगळे मानतात. इंग्लंडमध्ये मात्र साध्या नोकरीच्या दोन पानांनाही सीव्हीच म्हणतात. आपल्याकडं जाहिरातीत दोन्ही शब्द सरमिसळ येतात. म्हणून शब्दावर जाऊ नका, मागणारा कोण ते बघा. पुण्याच्या कंपनीनं सीव्ही मागितला तरी तिला एक-दोन पानंच पाहिजे असतात. विद्यापीठानं मागितला तर सगळं द्या, आठ पानं झाली तरी चालतील.

मग सोपा मार्ग कोणता? घरी एक मोठी फाईल ठेवा. केलेलं प्रत्येक काम तारखेसकट तिच्यात लिहीत जा. तो झाला तुमचा सीव्ही. अर्ज करायच्या वेळी जाहिरात समोर घ्या आणि त्यातून लागेल तेवढंच उचला. तो झाला रेझ्युमे. आणि बायोडाटा? तो पाहुण्यांसाठी राहू द्या.

यंदा तुमच्या घरात कुणी अर्ज करत असेल तर हा भाग त्याला नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात.