हवेची वाट आणि शेवटचे घर



आरोंद्यासारख्या खाडीकाठच्या गावात घरे विखुरलेली. मध्ये माडबागा, डोंगराच्या सोंडा. घरोघर इंटरनेटची तार नेणे खर्चाचे. तेव्हा अशी युक्ती काढतात, की तार एका ठिकाणी आणावी, छपरांवर बिनतारी यंत्रे बसवावी आणि प्रत्येक घराने शेजाऱ्याचा निरोप पुढे पोचवावा. याला ‘मेश’, म्हणजे जाळे, म्हणतात. युक्ती शेजारधर्माची खरी. पण तिच्यात एक मेख आहे.

हवा सर्वांची एकच. एका वाहिनीवर एक यंत्र बोलू लागले, की टप्प्यातील इतरांना गप्प राहावे लागते. समजा, बाजारात तार आहे आणि तुमचे घर तिथून तिसरे. तुमचा निरोप तीनदा उच्चारावा लागतो. ३० मेगाबिटांचे १०च उरतात, तेही बाकी सारे गप्प असतील तर! शिवाय मध्ये सोंड आडवी आली, तर दोन टोकांची घरे एकमेकांना न ऐकता मधल्याला एकदम हाक मारतात. त्याला एकाचेही कळत नाही.

उत्तर आले नाही, की यंत्र पुन्हा ओरडते आणि गर्दी वाढते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे ४०० यार्डांवरील दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० वर आला. तार तर शाबूत होती! व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला: निरोप हरवला, की आपण आवरते घ्यावे, मग हळूहळू वेग वाढवावा. हा संयम आज जगभरची यंत्रे पाळतात. तरीही जवळच्या घराला झुकते माप मिळतेच, कारण त्याला उत्तर लवकर पोचते.

मग करावे काय? उड्या दोन-तीनच ठेवाव्या. घराघरांतली वाहिनी वेगळी, लांबच्या पल्ल्याची वेगळी. जमल्यास दुसऱ्या टोकालाही तार आणावी. मुंबईच्या आयआयटीने पालघर जिल्ह्यात ‘ग्राममार्ग’ प्रकल्पातून २५ गावे जोडली. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींचाही प्रयोग केला, कारण त्या झाडीतून अधिक दूर जातात. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले. तेथे ग्रामपंचायतीलाही भागीदार धरले होते, हे मला विशेष वाटते.

कारण शेवटचा उपाय यंत्राचा नव्हे, गावाचा आहे. वायंगणीच्या पाटाला आपण पाळ्या लावतो. वरच्या शेतकऱ्याने बांध घातला, तर खालचे शेत करपते. येथेही घरागणिक पाळी हवी. पोरीचा शाळेचा अर्ज आधी जावा, सिनेमा रात्री उतरवावा. बाजाराजवळच्या घराने आपला वेग थोडा कमी करून घ्यायला राजी व्हावे लागेल. ते राजी होईल का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारावा, आणि उत्तर शेवटच्या घरी जाऊन तपासावे, एवढीच माझी विनंती आहे.