वेदनेचा उपचार आणि माळव्याची अफू
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीत ‘दुखणे’ हा शब्द आपण वेदनेलाही वापरतो आणि आजारालाही. वैद्यकशास्त्राला मात्र वेदना हाच एक आजार असू शकतो हे मान्य करायला बराच काळ लागला. जखम झाली की दुखते, ती भरली की थांबते. ही वेदना शरीराने दिलेली सूचना असते. परंतु जी वेदना तीन महिन्यांहून अधिक टिकते, तिचा सूचना म्हणून उपयोग बहुधा संपलेला असतो. ती झोप, भूक, चालणे-फिरणे आणि माणसामाणसांतला गोडवा हिरावून घेते. तरीही आपल्या घरांत असे दुखणे अंगावर काढण्याची रीत आहे, आणि सोसणाऱ्याचे कौतुकही होते. हे कौतुक रुग्णाला फार महागात पडते.

१९६५ साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी असे मांडले, की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एका दारातून जातो, आणि ते दार कमी-अधिक उघडते. मुलाला लागले की आई ती जागा चोळते; त्या स्पर्शाचा संदेश वेदनेची वाट काहीशी अडवतो. उलट चिंता, जागरण आणि एकाकीपणा ते दार सताड उघडतात. या विचारात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. पण वेदना ही केवळ दुखऱ्या जागेची बाब नव्हे, हे तेव्हापासून पक्के झाले.

उपचार ठरतो तो वेदनेच्या जातीवरून, आणि ती ओळखायला आपली भाषा फार उपयोगी आहे. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या हे शब्द डॉक्टरांसमोर जरूर वापरावेत. झिजलेला गुडघा चालताना दुखतो. तेथे वजन कमी करणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हे पहिले औषध, गोळी त्यानंतर, आणि फारच झीज झाली तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया. कंबरदुखीला पूर्वी आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवीत. आता शक्य तितक्या लवकर हिंडते-फिरते व्हावे असे सांगतात. नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी आग किंवा मधुमेहात तळपायांना येणाऱ्या मुंग्या ही मात्र नसांची वेदना. तिला नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. तेथे ॲमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेंटिन देतात. पहिले औषध मूळचे नैराश्यावरचे आणि दुसरे अपस्मारावरचे. म्हणून ‘मला वेडा ठरवले’ असे समजून रुग्णाने ते टाकून देऊ नये. उलट डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेणाऱ्यांच्या जठराला व्रण पडू शकतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

कर्करोगाची वेदना ही वेगळी गोष्ट. तिच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली तीन पायऱ्यांची शिडी सांगितली: आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मग कोडीनसारखी सौम्य अफूवर्गीय औषधे, आणि शेवटी मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळाच्या काट्यावर द्यायचे. कळ असह्य होण्याची वाट पाहायची नाही. बद्धकोष्ठ होते, म्हणून सोबत रेचक द्यायचे. इतक्या साध्या उपायाने बहुतेक रुग्णांची वेदना आटोक्यात येते.

येथे आपल्या माळव्याचा संबंध येतो. मॉर्फिन अफूतून काढतात. शिंदे-होळकरांच्या काळी माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. आज मंदसौर-नीमच भागातले शेतकरी सरकारी पट्ट्यावर अफू पिकवतात. परवान्याचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे, आणि नीमचला अफूवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना आहे. जगाच्या औषधासाठी ही भूमी अफू देत आली. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची संख्या आणि शिक्षेची धास्ती इतकी वाढली, की कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या डॉक्टरांना ते हाताळण्याचे शिक्षणच मिळाले नाही. अफूच्या शेतापासून काही कोसांवर कर्करोगाचा रुग्ण कण्हत पडावा, याहून मोठी विसंगती कोणती?

वाट दाखवली ती केरळने. १९९३ साली कालिकत येथे डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदना-उपशमनाची संस्था उभी केली, आणि पुढे स्वयंसेवकांच्या बळावर ही सेवा तेथे घरोघर पोहोचली. २०१४ साली संसदेने कायदा सुधारला. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला अनेक परवान्यांऐवजी एकाच मान्यतेवर मॉर्फिन ठेवण्याची सोय झाली. कायद्याची अडचण दूर झाली, तरी मनातील भीती अद्याप गेलेली नाही.

ती भीती निराधार आहे, असेही मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून साध्या कंबरदुखीलाही अशी औषधे सढळ हाताने दिली गेली. व्यसन फैलावले, पुढे बेकायदा औषधांची त्यात भर पडली आणि लाखो माणसे प्राणास मुकली. तेव्हा गुडघेदुखीला मॉर्फिन मागू नये. आणि कर्करोगाच्या रुग्णाला ते व्यसनाच्या भयाने नाकारूही नये. योग्य मात्रेत, जाणत्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेले मॉर्फिन आणि नशेसाठी घेतलेली अफू यांत फार मोठे अंतर आहे.

या सभागृहातील अनेकांच्या घरी एखादे दीर्घ दुखणे असेल. आपल्या माणसाला एवढेच विचारा: कोठे दुखते, कसे दुखते, झोप लागते का? उत्तर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘आता काही करता येणार नाही’ असे सांगितले गेले, तर ‘रोगाचे राहू द्या, वेदनेचे काय करता येईल?’ असे निःसंकोच विचारा. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला आहे.