ओंजळभर पाणी

आजारी मित्राला भेटून परतणाऱ्या माणसाच्या मनात एक विचार हटकून येतो, आणि तो उघड बोलून दाखवण्याचे धैर्य मात्र सहसा कोणी करीत नाही. ‘देवाची कृपा म्हणून आपण धडधाकट आहोत,’ हाच तो विचार. श्रोतेहो, या सुटकेच्या निःश्वासाला कृतज्ञता म्हणावयाचे काय, याचा आज आपण थोडा विचार करू.

मला वाटते, म्हणू नये. जी कृतज्ञता दुसऱ्याच्या दुःखाशी तोलून पाहिल्याशिवाय उभी राहत नाही, ती केवळ हिशेबी वृत्ती होय. शिवाय तिला आयुष्यही अल्पच. रुग्णालयाचा जिना उतरताना ती जन्मते आणि कचेरीत पोहोचेपर्यंत बढती-बदलीच्या काळजीत विरूनही जाते. आणि मित्र काही आपल्याला बोध व्हावा म्हणून आजारी पडलेला नसतो.

पण हिच्याहून निराळी, अधिक टिकाऊ अशी एक कृतज्ञता आहे. तिची ओळख मला नागपूरच्या माझ्या एका मित्रामुळे झाली. महाविद्यालयात आम्ही एका बाकावर बसणारे. दोन वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. तेव्हापासून आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, तो डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला असतो. रक्त नळीवाटे बाहेर येते, शुद्ध होते आणि परत शरीरात जाते. घरातल्या कोणाचे मूत्रपिंड त्याला देता येण्याजोगे निघाले नाही. म्हणून त्याचे नाव प्रतीक्षायादीत आहे.

या व्याधीत शरीराला जास्तीचे पाणी बाहेर टाकता येत नाही. ते अंगात साठते, पाय सुजतात. फुफ्फुसांत उतरले तर श्वास कोंडतो. म्हणून पाणी मोजून प्यावे लागते. माझ्या मित्राच्या वाट्याला दिवसाकाठी पाऊण लिटर येते. चहा, वरण, गोळीबरोबरचा घोट, सारे त्यातच. आणि हे नागपुरात! मे महिन्यात जेथे पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि माठात वाळ्याची जुडी सोडलेली असते, तेथे. सकाळी तो दिवसाचे पाणी एका बाटलीत भरून ठेवतो. चहा-वरणात जेवढे गेले, तेवढे त्यातून कमी करतो. तहान असह्य झाली की बर्फाचा लहानसा खडा जिभेवर धरतो.

एका उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो असता वहिनींनी रिवाजाप्रमाणे तांब्या-भांडे आणून ठेवले. त्याच्यादेखत पाणी पिण्याचा मला संकोच वाटला. ते त्याच्या लक्षात आले. तो म्हणाला, “अरे, पी. सगळं पी. तुला पाणी पिताना बघायला मला बरं वाटतं.” त्याच्या स्वरात हेवा नव्हता आणि उपदेशही नव्हता. लगेच तो क्रिकेटविषयी बोलू लागला, मग मुलीच्या परीक्षेविषयी.

निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सारा रक्तात परत पाठवतात आणि दीड-दोन लिटर तेवढा बाहेर टाकतात. मुठीएवढे हे अवयव. त्यांचा गाजावाजा नाही, त्यांना रजा नाही. हेच काम यंत्राकडून करवून घेण्यासाठी माणसाला केवढे सायास पडले! विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी 1943 साली, त्यांचा देश जर्मन अमलाखाली असताना, असे पहिले उपयुक्त यंत्र बांधले. प्रारंभीचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. 1945 साली एका वृद्ध स्त्रीचे प्राण त्या यंत्राने वाचवले. एवढ्या तपश्चर्येने जे थोडेबहुत साधले, ते आपल्याला जन्मतःच पुरते मिळालेले असते. ‘जीवन’ हा पाण्याचा पर्यायी शब्द आपण शाळेत पाठ करतो. तो किती नेमका आहे, हे मला त्या बाटलीकडे पाहून कळले.

‘कृतज्ञ’ म्हणजे आपल्यासाठी जे केले गेले ते जाणणारा. परंतु आपल्या परंपरेने उपकाराला ऋण मानले आहे, आणि ऋण नुसते आठवीत बसायचे नसते, फेडायचे असते. उपचाराच्या दिवशी मित्राला नेण्या-आणण्याचे काम आपण पत्करावे. त्याच्या घरच्यांना एक दुपार विसावा द्यावा. याहूनही मोठी एक फेड आहे. मेंदूमृत्यू मान्य करून अवयवदानाला वाट करून देणारा कायदा आपल्या देशात 1994 साली झाला. अशा एका माणसाची दोन मूत्रपिंडे दोघांना यंत्रापासून मोकळे करू शकतात. तसा संकल्प करावा आणि तो घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवावा. कारण त्या वेळी संमती त्यांनाच द्यावयाची असते.

एक पथ्य मात्र पाळावे. कृतज्ञतेचा उपदेश निरोग्याने रोग्याला करू नये. आयुष्याचे आभार मानावे की त्याच्याशी भांडावे, हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. आपण आपल्यापुरते पाहावे. तहान लागली असता पाणी मिळते आणि ते मनसोक्त पिता येते, यात आपले कर्तृत्व काहीच नाही, एवढे ज्याला उमगले, त्याला मित्राच्या दारी जाण्यासाठी सवड शोधावी लागत नाही.