एका कॉमाने रिलीज अडवला

आजचा भाग छोटाय आणि तो चक्क एका कॉमाबद्दल आहे.

आमच्या सी प्रोजेक्टचं बिल्ड जीएनयू मेकवर चालतं. मूळ मेक स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं. जीएनयू मेक हा त्याचा नंतरचा अवतार. मी मेकफाइलमध्ये एक इफ फंक्शन टाकलं होतं: डीबग चालू असेल तर कंपायलरला सॅनिटायझरचा फ्लॅग दे. फ्लॅगमध्ये कॉमा देऊन दोन तपासण्या मागितल्या होत्या, ‘ॲड्रेस,अनडिफाइंड’. पहिली मेमरीतल्या चुका पकडते, दुसरी साइन्ड इंटिजर ओव्हरफ्लोसारख्या भानगडी.

आम्ही सगळे डीबग चालू ठेवूनच काम करत होतो. तीन आठवडे टेस्ट हिरव्यागार. रिलीजच्या दिवशी डीबग बंद केलं आणि एरर आला: ‘अनडिफाइंड’ नावाची फाइल सापडत नाही. अरे, ही फाइल मागितली कुणी?

मीच! मेकच्या फंक्शनमध्ये कॉमा दिसला की एक आर्ग्युमेंट संपलं. म्हणजे अट खरी असेल तर ‘ॲड्रेस’पर्यंतचा फ्लॅग, नाहीतर नुसतं ‘अनडिफाइंड’. रिलीज निदान ओरडला तरी. डीबगमध्ये मात्र तीन आठवडे अर्धीच तपासणी चालू होती, तीही गुपचूप.

आधी अवतरणचिन्हं लावून पाहिली, मग बॅकस्लॅश. शेलची सवय, दुसरं काय! इथे त्यांनी कॉमा वाचत नाही. उपाय मॅन्युअलमध्येच होता: ‘कॉमा’ नावाचं व्हेरिएबल करा, त्यात एक कॉमा ठेवा आणि फ्लॅगमध्ये ते व्हेरिएबल वापरा. मेक आधी आर्ग्युमेंट्स तोडतं, व्हेरिएबल्स नंतर उलगडतं. त्यामुळे आतला कॉमा बाहेर येईपर्यंत तोडातोडी संपलेली असते. जोडी नसलेल्या कंसालाही हीच युक्ती. स्पेसची तर गंमतच: एक रिकामं व्हेरिएबल दोनदा लिहायचं आणि मधे स्पेस सोडायची, कारण व्हेरिएबलला नुसती स्पेस दिली तर मेक ती खाऊन टाकतं.

दुरुस्तीनंतर पहिल्याच रनला ओव्हरफ्लो सापडला, बाइट्स मोजणाऱ्या लूपमध्ये. तोच कोड त्या संध्याकाळी ग्राहकाकडे जाणार होता. रिलीज दोन दिवस पुढे गेला, बोलणी मी खाल्ली.

तुमच्या मेकफाइलमधले इफ आज एकदा उघडा आणि दुसऱ्या कॉमानंतर काय लिहिलंय ते वाचा. मेकच्या लेखी ते ‘नाहीतर’ आहे. सीमेकमध्ये हाच घोळ सेमीकोलन घालतो. त्याच्यावर पुढच्या भागात बोलू. चला, भेटू!