आमदाराची टॅली

(मिरजेत तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय, शिव्या तेवढ्या गाळल्यात.)



काल रात्री मुंबईहून महालक्ष्मीनं निघालो. जनरलचा डबा, दरवाजात बूड टेकायला जागा मिळाली एवढंच. पहाटे सातारा मागं पडलं आणि मसूर स्टेशन गेलं. शेजारी आपल्यातलंच एक पोरगं बसलेलं, त्याला म्हटलं, हे मसूर. तो म्हणाला, बरं मग?

मग त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. १९०१ साल. भीमराव नावाचा शाळकरी पोरगा साताऱ्याहून आपल्या भावाबरोबर वडलांना भेटायला निघाला. वडील खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर नोकरीला. पोरं नव्या कपड्यांत मसूरला उतरली. न्यायला कुणी आलंच नाही. स्टेशनमास्तरनं जात विचारली, यांनी सांगितली, आणि सगळं फिरलं. एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं. वर गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. रात्रभर प्यायला पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, आपण सगळ्यांनी वाचलंय. पण त्यातली एक बारीक गोष्ट आपण सोडून देतो. पोरांनी येतोय म्हणून पत्र टाकलं होतं. पत्र पोचलंही होतं. वडलांच्या नोकरानं ते त्यांच्या हातात दिलंच नाही.

आज मला बोलायचंय ते मधल्या माणसाच्या खिशात राहिलेल्या पत्राबद्दल. आपण ज्याला निवडून मुंबईला, नागपूरला, दिल्लीला पाठवतो तो तिथं काय करतो, याची खबर आपल्या वस्तीपर्यंत येते का? येते तर काय येते?

आमच्याकडे आली. गेल्या दिवाळीला गावी गेलो होतो. येरळाकाठचं गाव, सातारा म्हणा नाहीतर सांगली म्हणा, मतदारसंघ सांगत नाही, कारण मला परत तिथंच जायचंय. घरात देवळीत एक पुस्तक ठेवलेलं. गुळगुळीत कागद, पानापानावर रंगीत फोटो. आमदारसाहेबांचा कार्यअहवाल. फोटोत साहेब नारळ फोडतायत, साहेब फीत कापतायत, साहेब म्हातारीच्या पाया पडतायत. आत यादी. आमच्या गावाच्या नावापुढं लिहिलेलं : मागासवर्गीय वस्तीत अंतर्गत रस्ता काँक्रिटीकरण, पूर्ण.

मी बाहेर येऊन बघितलं. चिखल होता. आमचे आबा उंबऱ्यात बसलेले, त्यांना वाचून दाखवलं. आबा म्हणाले, "लेका, रस्ता कागदावर झालाय तर चालायचं पण कागदावरनं. खाली कशापायी बघतोस?"

मी डॉकवर माल उतरवतो. ठेकेदाराचा माणूस. पोलादाची कॉइलं, तुरीच्या गोण्या, येईल ते. शिकलो मॅट्रिकपर्यंत, बाकीचं धक्क्यानं शिकवलं. तिथं एक रीत आहे. बोटीच्या बाजूनं एक टॅलीवाला बसतो आणि धक्क्याच्या बाजूनं दुसरा. प्रत्येक स्लिंग उतरली की दोघं आपापल्या कागदावर रेघ मारतात. पाळी संपली की दोन कागद शेजारी ठेवायचे. जुळलं तर सही. नाही जुळलं तर बोंबाबोंब, मोजा परत. बोटीवाल्यानं एकट्यानं मोजलं आणि धक्क्यानं डोळे मिटून सही केली, असं कधी होत नाही. आणि आपल्या राजकारणात नेमकं तेच होतं. मोजणारा तो, लिहिणारा तो, छापणारा तो, फोटोत हार घालून घेणारा तोच. आपली टॅली कुठाय?

त्या पुस्तकात आणखी एक गंमत होती. साहेबांनी गावात काय केलं याची पानंच्या पानं. गटार, समाजमंदिर, हायमास्ट दिवा, स्मशानाचं शेड. आणि सभागृहात काय केलं? एक फोटो. विधानभवनाच्या पायरीवर, गॉगल घालून. वर्षाला तीन अधिवेशनं होतात, दोन मुंबईत आणि हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्न असतात, लक्षवेधी असते, अर्थसंकल्पावर बोलायची संधी असते. अॅट्रॉसिटीचे खटले का रखडतात यावर आपल्या साहेबांनी किती प्रश्न टाकले? अनुसूचित जातींच्या वाट्याचा पैसा कुठं वळवला, यावर उठून उभे राहिले का? पुस्तक गप्प. कायदे करायला पाठवलेला माणूस गटाराचा हिशेब देतो, आणि तोही खोटा!

आणि ते गटारही त्याच्या पैशाचं नसतं, हे आपल्या पोरांना ठाऊक पाहिजे. आमदार स्थानिक विकास कार्यक्रम म्हणून जे आहे त्यात आमदारामागं वर्षाला ५ कोटी धरतात, २०२२ पासून. तो पैसा सरकारी तिजोरीतला. आमदार फक्त काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतो. खासदाराचं तसंच, १९९३ पासून. म्हणजे आपल्याच पैशाची नाली आणि तिच्यावर त्याचं नाव. वर आपणच चौकात फ्लेक्स लावायचा : हार्दिक आभार!

आता बाबासाहेबांकडे या. १९२७ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले तेव्हा त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं. गव्हर्नरनं नेमलं होतं. आपल्या लोकांना तेव्हा मतच कुठं होतं? जमीन, पट्टी, शिक्षण बघून मत मिळायचं. म्हणजे कायद्यानं बघाल तर या माणसाला कुणालाच हिशेब द्यायची गरज नव्हती. गव्हर्नर खूश तर खुर्ची शाबूत. आणि त्याच वर्षी, ३ एप्रिल १९२७ ला, हा माणूस 'बहिष्कृत भारत' काढतो. महाडच्या चवदार तळ्याला दोन आठवडे झाले होते फक्त. पाक्षिक. माणसं नाहीत, पैसा नाही, चोवीस-चोवीस रकाने एकट्यानं भरायचे. कशासाठी? ज्यांना मत नाही, ज्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नाही, त्यांना सांगायला, की मी तुमच्यासाठी काय मागतोय आणि समोरचे काय म्हणतायत.

महार वतनाचं घ्या. ते आपल्या साताऱ्या-सांगलीकडच्या हाडामासात मुरलेलं आहे. १८७४ चा वतनाचा कायदा. सरकारी काम रात्रंदिवस, कुणीही हाक मारावी आणि महारानं धावावं. बाप आजारी तर पोरानं जावं. मोबदला काय? इनामाचा तुकडा आणि गावानं दिलं तर बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ च्या मार्चमध्ये कौन्सिलात बिल मांडलं : कामाला सुटसुटीत मर्यादा घाला, बलुत्याऐवजी रोख द्या, ज्याला वतनातून सुटायचंय त्याला जमिनीसकट सुटू द्या. आणि हे बिल सभागृहात नेऊन ठेवलं आणि झालं, असं नाही. त्याच्या आधीच आपल्या पत्रात वतनाची सगळी चिरफाड करून ठेवली होती. कारण आपलेच लोक वतनाला चिकटून होते. वतन म्हणजे इज्जत, असं त्यांना वाटायचं. त्यांना दुखेल ते तोंडावर सांगितलं.

बिल पास झालं नाही. सिलेक्ट कमिटीत गेलं, त्याचा चोळामोळा झाला, १९२९ साली मागं घ्यावं लागलं. आता सांगा, कुठल्या कार्यअहवालात तुम्ही "मी मांडलं, हरलो" असं वाचलंय? पण ते हरलेलं बिल लोकांना माहीत होतं, म्हणून ते मेलं नाही. स्वतंत्र मजूर पक्षानं वतनाचा प्रश्न पुन्हा उचलला. शेवटी कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ चा, बाबासाहेब गेल्यावर. त्यानंतर कब्जाहक्काची रक्कम भरून मिळालेल्या त्या जमिनी आजही सातबाऱ्यावर वर्ग दोनच्या आहेत. आणि त्या कुणाच्या घशात कशा गेल्या हे तुमच्या गावात जाऊन विचारा. तो वेगळा विषय आहे, आणि त्यावर बोललो तर रात्र पुरायची नाही.

१९३७ साली मजूर पक्षाचे उमेदवार निवडून आले, त्यात आपल्या सातारा उत्तरमधून खंडेराव सावंत. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. सांगली म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, आणि वाळवा, तासगाव, खानापूर ही सगळी साताऱ्यातच. सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले, देशावरचे हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. ते काय फ्लेक्स बघून आले? बिलात काय आहे, अडवतंय कोण, हे त्यांना कळलं होतं म्हणून आले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह बिलाविरुद्ध गिरण्या बंद पडल्या. सभागृहात बोलायचं ते बोलून झालं, आता रस्त्यावर या, असं. आत आणि बाहेर एकच आवाज.

आणि १९५१. मंत्रिपद सोडलं. ऑक्टोबरात लोकांपुढं कारण ठेवायला सभागृहात उभे राहिले तर म्हणे निवेदनाची प्रत आधी द्या, संध्याकाळी बोला. बाबासाहेब उठून निघून गेले आणि ते निवेदन वर्तमानपत्रांना देऊन टाकलं. हिंदू कोड बिल कसं मारलं, अनुसूचित जातींकडे सरकारचं लक्ष कसं नाही, सगळं. देशाचा कायदेमंत्री खुर्ची सोडतो तर का सोडतो, हे लोकांना त्याच्याच तोंडून कळलं. आणि आपण? २०२२ आणि २०२३ साली महाराष्ट्रात पक्ष फुटले. आपला आमदार सुरतेत आहे की गुवाहाटीत, हे आपल्याला टीव्हीवरून कळलं. हॉटेलचं नाव आधी कळलं आणि कारण अजून कळायचंय.

याच मातीतले क्रांतिसिंह नाना पाटील. येडेमच्छिंद्रचे. १९५७ साली साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत गेले आणि तिथं मराठीतून बोलले. दिल्लीतल्या बाबूंना कळो न कळो, येडेमच्छिंद्रच्या म्हाताऱ्याला कळलं पाहिजे. माझं त्यांच्या पक्षाशी जमेल न जमेल, ती रीत मात्र मला पटते.

आता घसा बसायच्या आधी अवघड जागेचं बोलतो. तुम्ही मिरजेचे, म्हणून इथंच बोलायला हवं. दोन्ही जिल्हे मिळून राखीव जागा दोन : फलटण आणि मिरज, २००९ च्या निवडणुकीपासून. जागा राखीव, माणूस आपल्या जातीतला. पण १९३२ च्या पुणे करारानं मतदार सगळे एकत्र. निवडून कोण आणतं? तिकीट कोण देतं? मी कुणा एका माणसाला शिव्या देत नाहीये. तिथं कुणालाही बसवा, तुम्हाला-मला बसवा, तो हिशेब तिकीट देणाऱ्यालाच देईल, जोवर आपण मागत नाही. गव्हर्नरनं नेमलेला माणूस आपल्याला हिशेब देत होता, आणि मतानं निवडलेला माणूस वाड्यावर जाऊन देतो. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं असेल तर चहाच्या वेळी सांगा.

पण हेही सांगतो. पँथर १९७२ साली उभी राहिली ती नुसत्या कवितेतून नाही. एलायापेरुमल कमिटीचा अहवाल १९७० मध्ये संसदेपुढं आला. देशभर आपल्या माणसांवर काय काय होतंय त्याची सरकारी नोंद. दिल्लीतला एक अहवाल मुंबईच्या झोपडपट्टीतल्या पोरांच्या हातात पडला, त्यांनी तो वाचला आणि ती पेटली. अहवाल वाचायचा असतो, भाऊ. आपण वाचत नाही. आपण आमदाराच्या मागं सेल्फी काढतो. मीही काढलाय, लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी, जयंतीच्या दिवशी. त्यानं खांद्यावर हात ठेवला तर मला किती भारी वाटलं होतं!

तर ते पुस्तक. दिवाळीच्या सुट्टीतच आम्ही तिघांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. दहा रुपयांचं तिकीट, एक कोरा कागद. कामाचा आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची प्रत, बिल कधी निघालं. कचेरीतला माणूस म्हणाला, "कशाला पाहिजे? साहेबांना विचारायचं की." म्हटलं, साहेबांनीच छापलंय, म्हणून तर विचारतोय. महिन्यानं कागद आले. लांबी १८० मीटर. बिल अदा.

मी रजा टाकून पुन्हा गेलो. टेप घेतला, गवंड्याकडचा, लोखंडी. डांबरी सडकेपासून मोजायला लागलो. काँक्रीट होतं! खरंच होतं, मीच नीट बघितलं नव्हतं. सडकेवरून निघालं, वळलं, आणि एका बंगल्याच्या फाटकाशी जाऊन संपलं. ११२ मीटर. वस्ती तिथून पुढं, ओढ्यापलीकडं. फाटकाशेजारी संगमरवरी पाटी : मागासवर्गीय वस्ती रस्ता.

पोरांनी समाजमंदिराच्या भिंतीवर चुन्यानं दोन रकाने आखले. एकावर लिहिलं "साहेबांची टॅली", दुसऱ्यावर "वस्तीची टॅली". इकडं १८०, तिकडं ११२, आणि खाली वस्तीपर्यंत पोचला किती? शून्य. पुढच्या ओळी कोऱ्या ठेवल्यात. पाण्याची टाकी मोजायची आहे, अंगणवाडी मोजायची आहे. आणि सभागृहातले प्रश्न मोजायचेत. विधानमंडळाची कार्यवाही छापून निघते, संगणकावरही दिसते. बारावीतली एक पोरगी ते काम करतेय, तिचं अक्षर चांगलं आहे.

आठवड्यात साहेबांचा माणूस मोटारसायकलवरून आला. भिंत बघितली. आबांना विचारलं, हे कुणी लिहिलं? आबांनी तंबाखू मळत सांगितलं, "मापानं लिहिलंय. टेप आत हाय, देऊ का?"

तो टेप न घेताच गेला. भिंत अजून पुसलेली नाही. कुणाला बघायची असली तर या, भाकरी वस्तीवर मिळेल. येताना गमबूट आणा, तिथं अजून चिखल आहे.

जयभीम.